टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय: घरी बदलावं की गॅरेजला न्यावं?

रानवारा

मंडळी, पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर. वय झालंय पण इंजिन अजून ठणठणीत. हल्ली गाडी उभी राहिली की केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येतो. चालत असताना काही नाही, सिग्नलला थांबलं की हमखास. बॉनेट उघडून पाहिलं तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या, मागच्या कडेने तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा जाड चिकटा. जमिनीवर थेंब पडत नाही, डिपस्टिकवर पातळी मात्र किंचित उतरलेली दिसते.

गॅरेजवाल्याने बोल्ट आवळून दिले. थोडे दिवस बरं होतं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता तो म्हणतो, पॅकिंग नवीन टाकतो आणि वरून सगळीकडे सिलिकॉन फिरवतो, मग बघायलाच नको. मला ते 'सगळीकडे सिलिकॉन' पटत नाही. वरून पाहता १० नंबरचे बोल्ट, चार कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) आणि दोन-तीन होज (रबरी नळ्या) एवढंच दिसतंय. ऑईल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड ही कामं मी घरीच करतो. हे झेपेल का? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

चौथा गिअर

झेपेल. बिनधास्त करा.

पानापकड

करण्यासारखं आहे, पण गळती तिथूनच आहे याची आधी खात्री करून घ्या. तेल नेहमी खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथेच गळतंय असं नाही. पहिलं काम म्हणजे इंजिन थंड असताना डिग्रीझर मारून, ब्रशने घासून तो चिकटा पूर्ण काढा. कॉइल आणि अल्टरनेटरवर पाणी जाऊ देऊ नका. मग थोडी गाडी चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. जो सगळ्यात वरचा ओला ठिपका, तो गुन्हेगार.

कव्हरच्या आसपास संशयित बरेच असतात. ऑईल भरायच्या झाकणाचं रबर, कॅम सेन्सरची ओ-रिंग, जुनी गाडी असेल तर डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग. यातलं काही निघालं तर काम पाच मिनिटांचं. उगाच अख्खं कव्हर उघडायला नको.

सुगरण नाही

वास फक्त थांबल्यावर का येतो ते सांगते. कव्हरच्या खाली ज्या बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा पाइप) असतो, त्या बाजूने ओघळ आला की तेल तापलेल्या लोखंडावर पडून जळतं. गाडी चालू असेल तर धूर मागे निघून जातो. उभी राहिली की तोच धूर काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून ब्लोअर आत ओढतो. तुमची गळती मागच्या कडेला आहे म्हणताय, म्हणजे मॅनिफोल्ड मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे) असणार.

आणि हे 'बघू नंतर' म्हणून टाळू नका. नुसता वास आहे तोवर ठीक, धूर दिसायला लागला की मामला वेगळा. मॅनिफोल्डजवळ तेलाने भिजलेला चिकटा आणि जुनी वायरिंग एकत्र असणं चांगलं नाही.

शंकासुर

अरे बापरे. हेड गॅस्केट गेलं म्हणजे इंजिनच उतरवावं लागतं ना? माझ्या चुलत भावाची गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडून होती.

सुगरण नाही

@शंकासुर, ते वेगळं हो. हेड गॅस्केट म्हणजे ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं. त्याला ज्वलनाचा दाब, कूलंट, तेल सगळं एकदम सांभाळायचं असतं. ते गेलं की खरंच मोठं काम. इथे चर्चा चालू आहे ती हेडच्या वरच्या झाकणाच्या पॅकिंगची. त्याचं काम एवढंच की आत उडणारं तेल बाहेर येऊ द्यायचं नाही. दोन्हींत 'हेड' येतं म्हणून लोक घाबरतात, आणि काही गॅरेजवाले त्या घाबरण्याचा फायदाही घेतात.

बोल्टबहाद्दर

एवढं पुराण कशाला? पाना घ्या, प्रत्येक बोल्टला पाव फेरा द्या, विषय संपला. आमच्या जुन्या गाडीला वडील दर सर्व्हिसिंगला हेच करायचे. पॅकिंग कधी बदललंच नाही.

पानापकड

@बोल्टबहाद्दर, वडील बरोबरच करत होते, कारण त्या गाडीला बहुधा कॉर्कचं पॅकिंग आणि पत्र्याचं कव्हर असणार. कॉर्क दबत जातं, बोल्ट सैल पडतात, मग आवळले की काही काळ भागतं.

आताच्या बहुतेक गाड्यांना कव्हरच्या खाचेत बसणारं साच्यातलं रबर असतं आणि बोल्ट खांद्याचे असतात. म्हणजे बोल्टच्या दांड्यावर एक जाड टप्पा असतो. तो हेडला टेकला की बोल्ट थांबतो, रबर किती दाबायचं ते त्या टप्प्यानेच ठरवलेलं असतं. रबर तापून तापून कडक झालं की ते उलटून दाब देत नाही. मग तुम्ही कितीही आवळा, बोल्ट टेकलेलाच असतो, जास्तीचा जोर थेट आट्यांवर येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये ६ मिमीचा बोल्ट, आटे जायला वेळ लागत नाही. रानवारांचं आवळून पुन्हा गळलं ते त्यामुळेच.

बोल्टबहाद्दर

मग आवळल्यावर थोडे दिवस थांबलं कसं?

पानापकड

एखाद-दुसरा बोल्ट खरंच सैल असेल. किंवा गॅरेजवाल्याने वरून पुसून दिलं असेल. पुसलेलं इंजिन काही दिवस कोरडंच दिसतं. (हलके घ्या.)

झाकली मूठ

पुसून देणे ही सर्व्हिसिंगमधली सर्वात यशस्वी दुरुस्ती आहे.

सिलिकॉनबद्दल: रानवारा, तुमची शंका रास्त आहे. रबरी पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसवायचं. सीलंट फक्त ठरावीक जागी लागतं. जिथे टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा कव्हरच्या खाली येतो, तिथे दोन भागांच्या पातळीत केसभर फरक असतो. तिथे आणि कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला अर्धगोल कमान असेल तर तिच्या कोपऱ्यांत, छोटा ठिपका. मॅन्युअलमध्ये या जागा चित्रात दाखवलेल्या असतात. बाकी कडेला फिरवलं की रबर त्यावर घसरतं आणि खाचेतून बाहेर येतं.

दुसरा धोका आतला. जास्तीचं सीलंट दाबलं गेलं की निम्मं बाहेर येतं आणि निम्मं आत. बाहेरचं आपल्याला दिसतं. आतलं वाळून त्याचे पट्टे सुटतात, तेलाबरोबर खाली संपमध्ये (तळाच्या तेलपात्रात) जातात आणि ऑईल पंपाच्या जाळीला चिकटून बसतात. मी एका इंजिनाचा संप उघडलेला पाहिलाय, जाळीवर निळ्या सिलिकॉनची अक्षरशः झालर होती. तेलाचा दिवा लागतो म्हणून गाडी आली होती.

हळूहळू चाल

सीलंट घेताना नाकाचा उपयोग करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं. ते बाथरूमच्या फरशीला चालेल, इंजिनाला नको. धातू गंजतो, आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरलाही मानवत नाही. 'सेन्सर सेफ' असं लिहिलेलं आरटीव्ही (साध्या तापमानाला वाळणारं सिलिकॉन सीलंट) घ्या. लावल्यावर त्यावर साय धरायच्या आत कव्हर बसलं पाहिजे, म्हणून सगळी तयारी झाल्यावरच ट्यूब उघडा. आणि बसवलं की लगेच इंजिन चालू करायचं नाही. ट्यूबवर दिलेला वेळ पाळा, शक्य असेल तर रात्रभर ठेवा.

किरकिरे

सगळे उत्साहात आहेत म्हणून थंड पाणी ओततो. 'वरून सोपं दिसतंय' हे चार सिलिंडरच्या सरळ इंजिनालाच लागू. व्ही-६ (दोन रांगांत सहा सिलिंडर) असेल तर मागच्या रांगेचं कव्हर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असतं. म्हणजे तो काढा, त्याचीही पॅकिंग नवीन आणा, त्याचे डझनभर होज. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) असेल तर काही इंजिनांत हाय प्रेशर पंप कॅमवर, कव्हरला लागूनच बसतो. तिथे पेट्रोल शेकडो बारपर्यंत दाबलेलं असतं. तो पंप सोडवल्याशिवाय कव्हर निघत नसेल तर गपचूप गॅरेजला जावं, असं माझं स्पष्ट मत.

आणि वेळेचं काय? मेकॅनिक तासा-दीड तासात करतो ते आपण दिवसभर करत बसतो. घरच्यांची बोलणी खातो ते वेगळंच.

रानवारा

@किरकिरे, सरळ चार सिलिंडर, साधं पोर्ट इंजेक्शन. पंप टाकीत आहे. दिवस गेला तरी हरकत नाही, गॅरेजवाल्याला सिलिकॉन फिरवताना लांबून बघत बसण्यापेक्षा ते बरं.

वाफारा

इतके प्रतिसाद आले तरी पीसीव्हीचं (इंजिनातला साचलेला वायू बाहेर काढणाऱ्या व्हॉल्व्हचं) नाव कुणी काढलं नाही, आश्चर्य आहे.

पॅकिंग म्हातारं होऊन गळतं हे खरं, पण त्याला आतून ढकलणारंही कुणीतरी असू शकतं. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडासा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) निसटतो. तो बाहेर पडायला एक ठरलेली वाट असते: टॅपेट कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह, तिथून होज, तिथून इनटेक मॅनिफोल्ड. म्हणजे तो वायू पुन्हा जाळला जातो. हा व्हॉल्व्ह किंवा होज काजळी-चिकट्याने बुजला की आत दाब साठतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. सगळ्यात जवळची आणि सगळ्यात कमजोर फट म्हणजे हेच पॅकिंग. लोक नवीन पॅकिंग टाकतात, काही महिन्यांत पुन्हा गळतं, मग पॅकिंग बनवणाऱ्याला शिव्या घालतात.

तपासायला सोपं आहे. इंजिन आयडलवर ठेवून ऑईलचं झाकण उघडा आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा. हलकासा आत ओढला गेला तर ठीक. बाहेर उडाला किंवा भकाभका धूर आला तर गडबड आहे. (थोडे तेलाचे शिंतोडे उडतील, आपलं तोंड त्या भोकावर धरून उभे राहू नका.) सुटा व्हॉल्व्ह असेल तर काढून कानाजवळ हलवा. खुळखुळ वाजला पाहिजे. नाही वाजला तर जाम आहे. काही गाड्यांत तो कव्हरमध्येच पडद्याच्या रूपात असतो, तिथे हा खुळखुळा चालत नाही, आणि मग बऱ्याचदा अख्खं कव्हरच बदलावं लागतं.

व्हॉल्व्ह नवीन टाकूनही दाब राहिला तर रिंगा झिजल्यात. मग पॅकिंगची चर्चा सोडून इंजिनाची चर्चा करायची.

अवांतर: ही वायू परत जाळायची पद्धत नव्या गाड्यांत सर्रास यायला लागली ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत, धुरक्याच्या प्रश्नामुळे. त्याआधी क्रँककेसमधून एक नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असायची. चालत्या गाडीच्या वाऱ्याने वायू ओढला जायचा आणि रस्त्याच्या मधोमध तेलाची काळी रेघ उमटायची.

चौथा गिअर

वाफारा यांचा आयडी आज सार्थकी लागला.

शंकासुर

ते तेलात टाकायचं 'लीक स्टॉप' मिळतं ना बाटलीत? ते टाकून बघितलं तर? पाना हातात धरायलाच नको.

झाकली मूठ

त्यातली बरीच औषधं रबर फुगवतात किंवा मऊ करतात. फक्त गळणारं रबर निवडून फुगवा असं त्यांना सांगता येत नाही, इंजिनातल्या सगळ्याच सीलना ती लागू होतात. क्रँकचं मागचं सील थोडं पाझरत असेल आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची तयारी नसेल, तर एक वेळ समजू शकतो. दहा बोल्ट काढून बदलता येणाऱ्या पॅकिंगसाठी नको. शिवाय कडक होऊन बसलेल्या, तडा गेलेल्या रबराला ते काय फुगवणार?

सुगरण नाही

रानवारा, कव्हर उघडायच्या आधी एक काम. कॉइल उपसा आणि प्लगच्या विहिरींत (प्लग बसतात त्या खोल भोकांत) टॉर्च मारा. तळाशी तेल साचलेलं दिसलं तर विहिरींची गोल सीलही गेलीत. ती मुख्य पॅकिंगबरोबरच बदलायची, बऱ्याच किटमध्ये सोबत येतात. काही गाड्यांत ती कव्हरमध्येच ठोकलेली असतात, ती बसवताना योग्य मापाच्या सॉकेटने सरळ दाबा, तिरकी गेली की वाया.

विहिरीत तेल असताना प्लग खोलायचा नाही. आधी चिंधीने किंवा नळी लावून तेल टिपून घ्यायचं, नाहीतर ते सगळं सिलिंडरमध्ये उतरतं. माती असेल तर त्याहून वाईट. आणि कॉइलच्या खालचं रबर तेलाने फुगून लिबलिबीत झालं असेल तर ते बदला. त्यातून ठिणगी बाजूला निसटते आणि गाडी मिसफायर होते. अनेकदा लोक कॉइल गेली म्हणून नवीन टाकतात आणि मूळ कारण वर गळत राहतं.

कॉइलच्या कनेक्टरचे चाप उष्णतेने ठिसूळ झालेले असतात, नखाने हळू उचला. उपटू नका.

बोल्टबहाद्दर

ठीक आहे, मानलं. पण बोल्ट आवळायला टॉर्क रेंच लागतो हे थोतांड आहे. हाताला कळतं.

हळूहळू चाल

ज्याचा हात रोज या कामात आहे त्याला कळतं. वर्षातून एकदा पाना धरणाऱ्याला नाही. माझ्या मेव्हण्याच्या 'हाताला कळतं' पद्धतीत एक बोल्ट हेडमध्येच तुटला. मग त्यात भोक पाडून उरलेला तुकडा काढला, आटे गेले होते म्हणून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवलं. पॅकिंगचं काम बाजूलाच राहिलं.

या बोल्टना बऱ्याच गाड्यांत ८ ते १२ न्यूटन मीटर एवढाच टॉर्क असतो. नेमका आकडा आपापल्या मॅन्युअलमधून घ्या. चाकाच्या नटांसाठीचा मोठा टॉर्क रेंच इथे कामाचा नाही, तो ४० च्या आसपास सुरूच होतो. पाव इंची ड्राइव्हचा छोटा लागतो. आणि एकक नीट वाचा. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं, १ म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन मीटर. काही रेंचवर इंच-पाउंड, काहींवर फूट-पाउंड. त्या दोघांत १२ पटींचा फरक आहे. ९० इंच-पाउंड म्हणजे जेमतेम १० न्यूटन मीटर. तेच ९० फूट-पाउंड समजून लावायला गेलात तर बोल्ट त्याच्या कितीतरी आधी हातात येईल.

मधल्या बोल्टपासून सुरुवात करून आलटून-पालटून बाहेर जायचं. आधी सगळे हाताने टेकवायचे, मग निम्म्या टॉर्कवर, मग पूर्ण.

पानापकड

+१. अजून दोन-तीन गोष्टी लिहून थांबतो.

कव्हर निघत नसेल तर कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नका. त्या पृष्ठभागावर एक चरा पडला की नवीन पॅकिंगही तिथून गळणार. रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके द्या, सुटतं. उघडायच्या आधी आजूबाजूची माती ब्रशने आणि हवेने उडवा, कारण उघडल्यावर ती थेट कॅमवर पडते. उघडल्यावर तेल खाली जायच्या भोकांत स्वच्छ चिंध्या कोंबा आणि किती कोंबल्या ते मोजून ठेवा.

हेड साफ करायला प्लॅस्टिकची पट्टी वापरा. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या अजिबात नकोत. त्यांची भुकटी तेलातून बेअरिंगपर्यंत जाते. शेवटी ब्रेक क्लीनर चिंधीवर घेऊन पुसा, जागा कोरडी ठाक झाली पाहिजे. तेलाचा हलका थर राहिला तरी सीलंट धरत नाही.

कव्हर प्लॅस्टिकचं असेल तर उलटं करून त्यावर सरळ पट्टी ठेवून बघा. वाकलं असेल तर नवीन पॅकिंगही वाया.

रानवारा

झालं एकदाचं काम! सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहितो.

आधी धुऊन, चालवून पाहिलं. सेन्सर आणि झाकण कोरडं, मागची कड आणि टायमिंग बाजूचा कोपरा ओला. म्हणजे पॅकिंगच. मॅन्युअलमध्ये टॉर्क १० न्यूटन मीटर निघाला. बॅटरीची निगेटिव्ह काढली, प्रत्येक होजचे फोटो घेतले, कॉइलना कागदी पट्ट्या चिकटवून नंबर घातले. विहिरींत टॉर्च मारला तर तीन कोरड्या, चौथीच्या तळाशी काळं तेल चमकत होतं. चिंधी वळून पेचकसाच्या टोकाला गुंडाळली आणि ते टिपलं.

मागचे दोन बोल्ट फायरवॉलच्या ओठाखाली आहेत, दिसतच नाहीत. लांब एक्स्टेन्शन आणि बोटाने चाचपडत सॉकेट बसवावं लागलं. कव्हर दोन ठोक्यांत सुटलं. पॅकिंग खाचेतून काढायला गेलो तर वाळक्या काटकीसारखं कडाकड मोडत आलं. नवीन बोटावर गुंडाळता येतं, हे वाकवलं की तुकडा. कोपऱ्यावरचं जुनं सीलंट काढण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. पट्टीने वरचं निघतं, पण सांध्याच्या रेषेत पातळ पापुद्रा राहतो. तो डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. ब्रेक क्लीनरची चिंधी, नख, पुन्हा चिंधी. शेवटी नख सांध्यावरून आडवं नेलं तरी अडकेना, तेव्हा थांबलो.

पीसीव्ही व्हॉल्व्ह कानाजवळ हलवला. @वाफारा, ढिम्म! आत काळा डांबरासारखा चिकटा. नवीन टाकला, होजही बदलला, कारण तो दाबला की तडतडत होता.

सीलंट दोन कोपऱ्यांतच, मुगाएवढं. कव्हर सरळ खाली सोडलं आणि सगळ्या कडेने बोट फिरवून पॅकिंग खाचेबाहेर आलेलं नाही ना ते पाहिलं. मागच्या बाजूला आरसा धरला. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू केलं. आयडल आधीपेक्षा शांत वाटतंय.

पण वास अजून येतोय! थोडा धूरही दिसला. काय राहिलं असेल?

शंकासुर

सांगितलं होतं मी.

सुगरण नाही

@शंकासुर, काय सांगितलं होतंत? बाटली?

@रानवारा, मॅनिफोल्डवर आणि त्याच्या उष्णतारोधक पत्र्याच्या आतल्या बाजूला आधीच मुरलेलं तेल आहे. ते जळून संपेपर्यंत वास येणारच. कव्हर उचलताना मागच्या बाजूने थोडं ताजंही सांडलं असेल. थंड असताना पत्र्याच्या फटीत चिंधी घालून जेवढं पुसता येईल तेवढं पुसा आणि थोडे दिवस चालवा. महत्त्वाचं हे की कव्हरची कड कोरडी आहे का? तिथे कोरडा टिश्यू फिरवा. डाग आला तर बोलू.

रानवारा

टिश्यू कोरडा. कोपऱ्यातसुद्धा.

पानापकड

मग काम फत्ते. आता कृपा करून 'एकदा तपासून घेऊ' म्हणून बोल्ट पुन्हा आवळू नका. रबराला ते लागत नाही.

बोल्टबहाद्दर

हा टोमणा कुणाला होता ते कळलं बरं का.

शंकासुर

रानवारा, उघडल्यावर आत कसं दिसलं? रंग कोणता होता? माझ्या ऑईलच्या झाकणाखाली पांढरट साय जमते, म्हणून विचारतोय. झोप लागत नाही.

रानवारा

सोनेरी-तपकिरी. कॅमचे लोब चकचकीत, बाजूला तपकिरी थर, पण घट्ट गाळ कुठे नाही.

वाफारा

तपकिरी झाक म्हणजे तेलाची व्हर्निश, वयाप्रमाणे येतेच. काळा, बोटाने उचलता येईल असा गाळ असता तर तेल वेळेवर बदललं गेलं नाही असं म्हटलं असतं.

@शंकासुर, गाडी रोज अगदी जवळच चालवत असाल तर इंजिन पूर्ण तापत नाही, आत साचलेली वाफ उडून जात नाही, आणि तेलात मिसळून ती साय झाकणाखाली जमते. एकदा लांब फेरी मारा. गेली तर शांत झोपा. कूलंटची पातळीही उतरत असेल किंवा डिपस्टिकवरही तीच साय असेल, तर मात्र तुमचं ते पहिलं हेड गॅस्केटवालं भय खरं असू शकतं, दाखवून घ्या.

हळूहळू चाल

रानवारा, कव्हर उघडंच होतं तर टॅपेट क्लिअरन्स (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट) बघितला का? हायड्रॉलिक लिफ्टर (ती फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून काढणारे) नसतील तर थंड इंजिनावर फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून तपासायची हीच संधी होती. पुन्हा कोण उघडतंय?

रानवारा

माझ्यात हायड्रॉलिक आहेत, त्यामुळे सुटलो.

किरकिरे

मान्य करतो, नीट केलंत. मी गॅरेजलाच नेलं असतं, आणि अजूनही बहुतेकांना तेच सुचवेन. पण त्या गॅरेजमध्ये कुणी जुन्या सीलंटचा पापुद्रा नखाने तपासला असता का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मागच्या वेळी माझ्या गाडीचं हेच काम करून घेतलं होतं. कव्हरच्या कडेने सगळीकडे राखाडी सिलिकॉन दिसतंय. पीसीव्ही व्हॉल्व्हला कुणी हात लावल्याचं बिलात तरी नाही.

वाफारा

आज घरी गेलात की प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन बघाच.

धूरकट

वाचनखूण साठवली. माझी डिझेल आहे, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी). कव्हरच्या कडेला असाच ओलसरपणा आहे. हीच पद्धत चालेल का?

पानापकड

नाही. बऱ्याच डिझेलमध्ये इंजेक्टर कव्हरमधूनच आत गेलेले असतात, म्हणजे कव्हर काढायला हाय प्रेशर पाइप आणि इंजेक्टर सोडवावे लागतात. टायरमध्ये साधारण २ ते २.५ बार हवा असते, कॉमन रेलमध्ये दाब १,५०० बारच्या पुढे जातो. त्या पाइपच्या सांध्यातून निघालेली बारीक धार कातडीत घुसते, वरून नुसता ठिपका दिसतो आणि आत मोठी इजा झालेली असते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच डॉक्टर गाठायचा. इंजिन चालू असताना त्या पाइपांवर गळती हाताने चाचपून बघायची नाही. काढलेले पाइप काही गाड्यांत पुन्हा वापरायचेही नसतात. हे काम डिझेलवाल्याकडेच द्या.

पण आधी, इंजिन बंद आणि थंड असताना, तो ओलसरपणा पांढऱ्या कागदाने टिपून वास घ्या. दाट, काळं आणि तेलाचा वास असेल तर पॅकिंग किंवा इंजेक्टरच्या भोवतीचं सील. पातळ आणि डिझेलचा वास असेल तर इंजेक्टरच्या डोक्यावरच्या रिटर्न पाइपची ओ-रिंग बघायला सांगा. तिथून पाझरलेलं डिझेल कव्हरवर पसरतं आणि कडेला जाऊन थांबतं.

धूरकट

टिपला. डिझेलचाच वास आहे.

पानापकड

मग पॅकिंगला हात लावू नका. रिटर्न पाइप दाखवा, आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.